संबद्ध तक्त्यांतील गणना आणि तुलना : बोली-सर्वेक्षणाच्या दृष्टीने

भारतात भाषा किती, असा प्रश्न विचारला असता २०११ च्या जनगणनेतून एकाहून अधिक उत्तरे मिळतात, आणि ती सर्व आपापल्या ठिकाणी बरोबर असतात. लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावे जशीच्या तशी मोजली तर ती १९,५६९ भरतात. या नावांची छाननी व सुसूत्रीकरण केल्यावर १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि १,४७४ नावे वर्गीकरणाबाहेर राहिली. दहा हजार किंवा त्याहून अधिक भाषिक असलेल्या मातृभाषा २७० असून त्यांचे गट पाडल्यावर १२१ भाषा उरतात. त्यांपैकी २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील व ९९ तिच्या बाहेरील होत. माणसे तीच, त्यांनी दिलेली उत्तरे तीच; तथापि मोजणी कोणत्या पायरीवर उभे राहून केली, यावर संख्या अवलंबून राहिली.

भाषेच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. परंतु अलीकडे क्षेत्रकार्यातील आधारसामग्री संगणकातील परस्परसंबद्ध तक्त्यांत साठवली जाते, आणि त्यांवरून अहवाल तयार करणारी सॉफ्टवेअरे क्षणार्धात संख्या व टक्केवाऱ्या पुढे ठेवतात. कोणत्या पायरीवरची मोजणी आपण मागितली, याची जाणीव या वेगात सुटून जाते. प्रबंधांतून व सर्वेक्षणांच्या अहवालांतून येणाऱ्या आकड्यांचा अर्थ त्यामुळे कसा बदलतो, हे सिंदेवाही परिसरातील बोलींच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

हे उदाहरण घेण्यास कारण आहे. सिंदेवाहीच्या आसपास बोलली जाणारी झाडीबोली जनगणनेच्या प्रकाशित भाषा-तक्त्यांत स्वतंत्र ओळ म्हणून आढळत नाही. तिचे भाषिक आपली मातृभाषा मराठी सांगतात व मराठीतच मोजले जातात. अशा बोलीचा विस्तार, तिचा टिकाव आणि प्रमाण भाषेशी असलेले तिचे नाते यांविषयी जे काही संख्यात्मक विधान करावयाचे, ते क्षेत्रीय सर्वेक्षणाच्याच आधारे करावे लागते. तेथे मोजणी चुकली तर ती पडताळून पाहण्यास दुसरे साधन हाताशी नसते.

१. चिठ्ठीपासून तक्त्यापर्यंत

१९०१ च्या खानेसुमारीत भारतात चिठ्ठी-पद्धतीचा अवलंब करण्यात आला. प्रत्येक माणसाची माहिती एका स्वतंत्र चिठ्ठीवर उतरवावयाची, चिठ्ठ्यांचे हव्या त्या निकषाने गठ्ठे करावयाचे आणि गठ्ठ्यांतील चिठ्ठ्या मोजावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. या पद्धतीचा सारा विश्वास एका अटीवर उभा होता : एक चिठ्ठी म्हणजे एक माणूस. एकाच माणसाच्या दोन चिठ्ठ्या झाल्या, तर गठ्ठे कितीही काळजीपूर्वक मोजले तरी बेरीज चुकणारच. कोशकारांच्या चिठ्ठ्यांनाही हाच नियम लागू आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या, म्हणून संस्कृतात एक कोटी शब्द आहेत असे कोणी म्हणत नाही. कारण तेथे एक चिठ्ठी म्हणजे एका शब्दाचा एका ठिकाणचा प्रयोग, हे सर्वांना ठाऊक असते.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानाने हीच कल्पना अधिक काटेकोर केली. एका तक्त्यात एकाच प्रकारच्या वस्तूंची नोंद असावी, प्रत्येक ओळीला स्वतंत्र ओळखक्रमांक असावा, आणि दुसऱ्या तक्त्यातील वस्तूशी असलेला संबंध त्या क्रमांकाने दर्शवावा, हे त्याचे सार होय. गावाची लोकसंख्या प्रत्येक निवेदकापुढे पुन्हा लिहावयाची नाही. ती गावाच्या तक्त्यात एकदाच लिहावयाची आणि निवेदकापुढे केवळ गावाचा क्रमांक द्यावयाचा. यामुळे साठवणीतील पुनरुक्ती टळते. मात्र अहवालासाठी हे तक्ते पुन्हा एकमेकांना जोडावे लागतात, आणि साठवताना टाळलेली पुनरुक्ती जोडताना परत येते.

२. एक ओळ म्हणजे काय?

समजा, एका लहान सर्वेक्षणाचे तीन तक्ते आहेत. (पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिले आहेत.) पहिला तक्ता गावांचा; त्यात सिंदेवाही, नवरगाव, गुंजेवाही व वासेरा अशा चार ओळी आहेत. दुसरा निवेदकांचा, त्यात सिंदेवाहीचे ४, नवरगावचे ३ व गुंजेवाहीचे ३, अशा एकूण १० ओळी आहेत. वासेऱ्याची निवड झाली आहे, परंतु तेथील मुलाखती अद्याप व्हावयाच्या आहेत. तिसरा तक्ता उत्तरांचा. प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी झाडीबोलीत सामान्यतः ‘र’ येतो, तर पश्चिमेकडील वऱ्हाडीत ‘य’ येतो. म्हणून ‘डोळा’ या अर्थी कोणता शब्द वापरता, हा प्रश्न निवडला आहे. निवेदकाने दोन रूपे सांगितली तर दोन्ही रूपे दोन स्वतंत्र ओळींत लिहिली आहेत.

सिंदेवाहीच्या चौघांपैकी दोघांनी केवळ ‘डोरा’, एकाने केवळ ‘डोळा’ आणि एकाने दोन्ही रूपे सांगितली. नवरगावच्या तिघांपैकी दोघांनी दोन्ही व एकाने केवळ ‘डोरा’ सांगितले. गुंजेवाहीच्या दोघांनी ‘डोरा’ सांगितले. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही. अशा रीतीने उत्तरांच्या तक्त्यात १२ ओळी झाल्या : ‘डोरा’च्या ८ व ‘डोळा’च्या ४.

आता ‘डोरा’चे प्रमाण किती, असे विचारले तर काय सांगावे? उत्तरांच्या ओळी पायाला धरल्या तर १२ पैकी ८, म्हणजे सुमारे ६७ टक्के. उत्तर देणारे निवेदक धरले तर ९ पैकी ८, म्हणजे सुमारे ८९ टक्के. सर्व निवेदक धरले तर १० पैकी ८, म्हणजे ८० टक्के. ज्या गावांत मुलाखती झाल्या ती गावे धरली तर तीनही गावांत हे रूप आढळते, म्हणून १०० टक्के. निवडलेली सर्व गावे धरली तर चारांपैकी तीन, म्हणजे ७५ टक्के. यांतील एकही आकडा खोटा नाही. पहिला आकडा रूपांच्या परस्पर वाट्याविषयी आहे, दुसरा ते रूप जाणणाऱ्या माणसांविषयी, आणि शेवटचे दोन त्याच्या भौगोलिक प्रसाराविषयी. ‘सिंदेवाही परिसरात डोरा या रूपाचे प्रमाण ६७ टक्के आहे’ असे मोघम वाक्य लिहिले, तर एक तृतीयांश लोकांनी हे रूप सोडून दिले आहे असा अर्थ वाचक घेईल. वस्तुतः नऊपैकी केवळ एका निवेदकाकडून ते मिळालेले नाही. बोली टिकून आहे की मावळत आहे, या प्रश्नाचे उत्तर येथे छेदस्थानी कोणती संख्या घेतली यावर उलटसुलट होते.

३. जोडणीने होणारी वाढ

तीन तक्ते जोडून एकच विस्तृत तक्ता केला, की त्यात उत्तरांइतक्या, म्हणजे १२ ओळी होतात. या जोडतक्त्यात निवेदकांच्या नावांचा स्तंभ निवडून ‘मोजा’ अशी आज्ञा दिली तर सॉफ्टवेअर १२ हा आकडा देते. कारण साधी मोजणी भरलेल्या ओळींची असते, माणसांची नसते. अशा वेळी ‘भिन्न मूल्ये मोजा’ अशी आज्ञा द्यावयास हवी. मग नऊ हे उत्तर मिळते. एसक्यूएलमध्ये ‘काउंट’ला ‘डिस्टिंक्ट’ची जोड देऊन ते साधते, आणि पॉवर बीआयमध्ये ‘डिस्टिंक्टकाउंट’ हे स्वतंत्र सूत्र आहे. एक्सेलच्या पिव्हट तक्त्यात मात्र हा पर्याय सामग्री ‘डेटा मॉडेल’मध्ये समाविष्ट केली असेल तरच दिसतो. तो दिसत नाही म्हणून साध्या मोजणीवर काम भागवणे हा चुकांचा एक मोठा उगम होय.

परंतु भिन्न मूल्ये मोजल्याने सर्व अडचणी सुटतात असे नाही. सरासरी घ्यावयाची झाली तर हा उपाय उपयोगी पडत नाही. समजा, दोन्ही रूपे सांगणारे तिघे निवेदक २५ वर्षांचे आहेत आणि उरलेले सहा उत्तरदाते ६० वर्षांचे आहेत. नऊ जणांच्या वयांची सरासरी सुमारे ४८ वर्षे होते. जोडतक्त्यातील १२ ओळींवरून ती काढली तर ४२.५ वर्षे येते; कारण प्रत्येक तरुण दोनदा मोजला गेला. ही वाढ सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, ही त्यातील अधिक गंभीर बाब होय. ज्यांच्या बोलण्यात दोन रूपे शेजारी-शेजारी नांदतात, त्या संक्रमणावस्थेतील भाषिकांचेच वजन तिने वाढते. म्हणजे ज्या परिवर्तनाचा शोध घ्यावयाचा, तेच मोजमापाच्या काट्यात शिरून काटा कलवते. वयाची सरासरी निवेदकांच्या तक्त्यातूनच काढावी. गावाच्या लोकसंख्येची बेरीज गावांच्या तक्त्यातूनच करावी. ज्या वस्तूचा गुण, त्या वस्तूच्या तक्त्यात त्याची मोजणी, हा येथील सामान्य नियम होय.

एका निवेदकाला दोन वेगवेगळ्या शाखा फुटत असतील तर हा दोष आणखी वाढतो. उत्तरांच्या तक्त्याबरोबरच निवेदकाला अवगत असलेल्या अन्य भाषांचाही तक्ता असेल, आणि दोन रूपे सांगणाऱ्या निवेदकाला हिंदी व गोंडी अशा दोन अन्य भाषा येत असतील, तर दोन्ही तक्ते एकदम जोडल्यावर त्याच्या चार ओळी होतात. त्या चार ओळींतील रूप व भाषा यांच्या जोड्यांना काहीही अर्थ नाही. ‘डोरा’ हे रूप हिंदीशी जोडलेले आणि ‘डोळा’ गोंडीशी जोडलेले, असे निवेदकाने कधी सांगितलेले नसते. अशा वेळी प्रत्येक शाखेची मोजणी आधी निवेदकाच्या पातळीवर आणावी, म्हणजे प्रत्येक निवेदकापुढे ‘रूपे दोन, अन्य भाषा दोन’ एवढे लिहावे, आणि मगच तक्ते जोडावेत.

याच्या उलट दोष एक्सेलमधील ‘व्हीलुकअप’ या सूत्राने घडतो. ते जुळणाऱ्या पहिल्या ओळीशीच थांबते. निवेदकाच्या क्रमांकावरून त्याचे उत्तर शोधावयास सांगितले, तर दोन रूपांपैकी यादीत जे आधी आले असेल तेवढेच मिळते व दुसरे नाहीसे होते. जोडणीने माणसे वाढतात, तर येथे रूपे गळतात.

४. शून्य आणि अभाव

जोडणीचा दुसरा परिणाम तितकाच अदृश्य आहे. केवळ जुळणाऱ्या ओळी ठेवणारी जोडणी केली, तर वासेरा हे गाव अहवालातून पूर्णपणे निघून जाते, आणि त्याबरोबर गुंजेवाहीचा उत्तर न मिळालेला निवेदकही जातो. जे गेले त्याची खूण मागे राहत नाही. म्हणून गावांचा तक्ता मुख्य धरून, जुळणी नसली तरी त्याच्या सर्व ओळी राखणारी जोडणी करावी. मग वासेऱ्यापुढे रिकामी जागा दिसते.

त्या रिकाम्या जागेचा अर्थ संगणक लावू शकत नाही. प्रश्न विचारलाच नाही, विचारला पण उत्तर मिळाले नाही, आणि त्या बोलीत त्या अर्थाचा शब्दच नाही, या तीन अत्यंत भिन्न गोष्टी आहेत. तिसरी तर अनेकदा सर्वेक्षणातील मोलाची माहिती असते. तिन्हींसाठी जागा कोरी सोडली तर त्या एकच होतात. शिवाय एसक्यूएलमध्ये कोरी जागा दुसऱ्या कोऱ्या जागेच्या बरोबर मानली जात नाही, आणि विशिष्ट स्तंभाची मोजणी करताना कोऱ्या जागा वगळल्या जातात. म्हणून ‘ओळी मोजा’ व ‘उत्तरे मोजा’ या आज्ञांना भिन्न आकडे येतात. तिन्ही अवस्थांना स्वतंत्र संकेत देणे हाच यावर उपाय आहे.

५. मूल्यांची तुलना

दोन तक्त्यांतील मूल्ये परस्परांशी ताडून पाहावयाची तर ती ‘एकच’ आहेत हे कशावरून ठरवावयाचे? नावावरून ठरवणे धोक्याचे असते. सिंदेवाही तालुक्यात पळसगाव (जाट) आहे आणि शेजारच्या चिमूर तालुक्यातही पळसगाव आहे. नावावरून जोडणी केली तर दोन गावांची बोली एक होते. उलट ‘सिंदेवाही’ व ‘सिन्देवाही’ ही एकाच गावाची दोन लेखने संगणकाला दोन गावे वाटतात. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. गावांची जुळणी त्यावरूनच करावी.

देवनागरीत आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. ‘वऱ्हाडी’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर व छापील पानावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. तुलनेत मात्र ते भिन्न ठरतात. दोन सहायकांनी दोन कळफलकांवर नोंदी केल्या असतील, तर बोलींच्या यादीत वऱ्हाडी दोनदा येईल आणि तिचे भाषिक दोन ओळींत विभागले जातील.

येथे एक विवेक आवश्यक आहे. गावाचे, बोलीचे वा निवेदकाचे नाव ही ओळख पटवण्याची साधने होत. त्यांचे लेखन एकसारखे करणे योग्य व आवश्यक आहे. परंतु ‘डोरा’ आणि ‘डोळा’ यांतील भेद ही लेखनाची अव्यवस्था नव्हे. तोच पुरावा आहे. सामग्री स्वच्छ करण्याच्या भरात उत्तरांच्या स्तंभालाही प्रमाणलेखनाचा हात फिरवला, तर सर्वेक्षणाचे प्रयोजनच नष्ट होते. मूळ नोंद एका स्तंभात अबाधित ठेवावी आणि तिचे वर्गीकृत रूप दुसऱ्या स्तंभात द्यावे. जनगणनेतील १९,५६९ नावांपासून १२१ भाषांपर्यंतचा प्रवासही अशाच पायऱ्यांनी झालेला आहे.

जनगणनेचे मातृभाषा-तक्ते वापरतानाही हे ध्यानात ठेवावयास हवे. त्यांत भाषेची एकूण संख्या आणि तिच्या खाली तिच्यात समाविष्ट केलेल्या मातृभाषांच्या संख्या एकाच स्तंभात येतात. गडचिरोलीच्या पूर्व सीमेवर ऐकू येणारी छत्तीसगढी हिंदीच्या गटात मोजली जाते. हिंदीच्या आकड्यात छत्तीसगढीचा आकडा मिळवला तर तेच लोक दोनदा येतात. आणि सबंध स्तंभाची बेरीज केली तर ती लोकसंख्येच्या दुपटीच्या आसपास जाते.

कालदृष्ट्या तुलना करतानाही ओळख तपासावी लागते. १९६१ च्या जनगणनेतील ‘चांदा’ जिल्हा म्हणजे पुढील ‘चंद्रपूर’. नावे भिन्न, जिल्हा तोच. याउलट १९८१ चा ‘चंद्रपूर’ व १९९१ चा ‘चंद्रपूर’ यांचे नाव एक असले तरी प्रदेश भिन्न आहे. कारण २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नावावरून तक्ते जोडले, तर चंद्रपुरातील गोंडी भाषिक दहा वर्षांत एकाएकी घटल्याचा भास होईल आणि त्यावर भाषालोपाचा सिद्धान्तही उभारता येईल. १९९१ पासूनचे दोन्ही जिल्ह्यांचे आकडे एकत्र करूनच ही तुलना करावयास हवी.

६. जे तक्ते जोडता येत नाहीत

काही तक्ते संबद्ध दिसतात, परंतु जोडता येत नाहीत. जनगणनेत गोंड जमातीची लोकसंख्या एका तक्त्यात असते आणि गोंडी भाषिकांची दुसऱ्यात. २०११ मध्ये देशात गोंडी भाषिक २९,८४,४५३ होते. ही संख्या गोंड जमातीच्या संख्येतून वजा करून ‘इतक्या गोंडांनी भाषा सोडली’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु प्रकाशित तक्ते हे बेरजांचे तक्ते आहेत. व्यक्तीचा ओळखक्रमांक त्यांत नाही. गोंडी बोलणारा प्रत्येक जण गोंड जमातीतच नोंदला गेला, असे गृहीत धरता येत नाही. भामरागडकडील माडिया बोलणाऱ्याने आपल्या भाषेचे नाव काय सांगितले आणि छाननीत ते कोणत्या गटात गेले, यावरही भाषेची संख्या अवलंबून असते. म्हणून दोन बेरजांची वजाबाकी ही फार तर एक दिशा सुचवते. माणसांची मोजणी ती नव्हे. असा प्रश्न सोडवावयाचा तर जमात व भाषा या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ओळीत नोंदवणारे सर्वेक्षणच हवे.

७. समारोप

वरील विवेचनावरून संशोधकाने पाळावयाची काही पथ्ये निष्पन्न होतात. जोडणी करण्यापूर्वी प्रत्येक तक्त्यातील ओळींची संख्या टिपून ठेवावी व जोडणीनंतर ती पुन्हा पाहावी. ती वाढली असेल तर कोणती वस्तू पुन्हा मोजली गेली व घटली असेल तर कोण वगळले गेले, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुळणी नावाने न करता ओळखक्रमांकाने करावी. मूळ उत्तर कधीही पुसू नये. एखाद्या लहान गावाची मोजणी हाताने करून सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडावी. १२ ओळींचा हिशोब कागदावर करण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि तेथे आकडा जुळला नाही तर बारा हजार ओळींतही तो जुळणार नाही.

याशिवाय प्रबंधातील व अहवालातील प्रत्येक तक्त्याखाली, त्यातील एक ओळ म्हणजे काय आणि टक्केवारीच्या छेदस्थानी कोणती संख्या आहे, हे एका वाक्यात लिहिण्याचा प्रघात आपल्या विभागांतून पडावा, असे सुचवावेसे वाटते. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील संख्यांचा आधार आजही घेतला जातो. आपण आज झाडीबोलीविषयी जे आकडे छापू, तेही असेच दीर्घकाळ पुढे नेले जातील. ते कशाची मोजणी आहेत, हे सांगणारे वाक्य त्यांच्यासोबत असले, तरच पुढील अभ्यासकाला त्यांच्याशी आपले आकडे ताडून पाहता येतील.